पोटातले ओठांवर येऊ द्या
(उमरठ येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



तुम्ही आता वाचायला शिकलात. जोडाक्षरेही येऊ लागली. म्हणून आज आम्ही तुमच्यापुढे काही शब्द ठेवणार आहोत. हे शब्द तुम्हाला नवे नाहीत. तुमच्या आजीच्या, पणजीच्या तोंडी ते होतेच. पण चारचौघांत ते कोणी मोठ्याने बोलत नाही. हे शब्द आहेत गरोदरपणाचे आणि बाळंतपणाचे.

कोणी म्हणेल, "मास्तर, हा बायकांचा विषय. बाप्यांनी त्यात कशाला पडायचं?"

तर ऐका. रात्री बाराला सुनेचे पोट दुखू लागले. गाडी बोलवायची आहे. फोन कोण लावतो? बहुतेक घरांत बाप्याच लावतो. पलीकडून विचारतात, "बाईला काय होतंय? कळा आहेत का? पाणी गेलंय का? रक्त जातंय का?" बाप्या म्हणतो, "तिला बरं वाटत नाही." एवढ्याने पलीकडच्या माणसाला काय कळणार? बाप्याला माया नाही असे नाही. त्याच्याजवळ शब्द नाही. शब्द नसला की वेळ जातो. अशा वेळी एक घटकासुद्धा फार मोलाची असते.

म्हणून हा विषय साऱ्या घराचा आहे. लाज बाजूला ठेवा आणि ऐका.

दिवस गेले

आपली भाषा मोठी लाजरी आहे. बाई दर महिन्याला बाजूला बसायची, तेव्हा लोक म्हणायचे, "कावळा शिवला." कावळ्याचा त्याच्याशी काय संबंध? काही नाही. पोरांनी विचारले तर सांगायला एक सबब, एवढेच. पुढे "पाळी" हा शब्द आला. तो सरळ आहे. तोच वापरावा.

पाळी चुकली की म्हणतात, "हिला दिवस गेले." किंवा "ही पोटुशी आहे." कोणी म्हणते "गरोदर", कोणी "गर्भार". गरोदर या शब्दात उदर आहे. उदर म्हणजे पोट. पोथीत आणि सरकारी कागदावर "गर्भवती" लिहितात. घरातली म्हातारी म्हणते, "ती दोन जिवांची आहे, तिला हंडा उचलू देऊ नका." या सगळ्या शब्दांत आम्हाला हा शब्द फार आवडतो. दोन जिवांची! एका शब्दात केवढी काळजी आहे. एक जीव दिसतो, एक दिसत नाही. दोघांनाही जपायचे आहे.

गाईम्हशींसाठी आपण "गाभण" म्हणतो. हा शब्द "गर्भिणी" या संस्कृत शब्दापासून झाला. म्हणजे गर्भवती आणि गाभण हे दोन्ही शब्द एकाच घराण्यातले. पण आपण बाईला गाभण म्हणत नाही. म्हटले तर ती शिवी होते. तसेच गाय "विते", बाई "बाळंत होते". गाईचे "वेत" मोजतात, बाईचे "बाळंतपण" म्हणतात. शब्दाचा मान असा राखावा लागतो.

पण एक गोष्ट मनाला लागते. गाय कधी गाभण राहिली, कधी विणार, याचा हिशेब घरधनी बोटांवर सांगतो. म्हैस पहिल्या वेताची की दुसऱ्या, तेही त्याला पाठ असते. आणि बायकोला कितवा महिना, असे विचारले तर म्हणतो, "असंल सहावा-सातवा. आईला ठाऊक." गाईचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला बायकोचा हिशेब ठेवता येणार नाही का?

नऊ महिने नऊ दिवस

हा हिशेब अवघड नाही. आपण म्हणतो, "आईने नऊ महिने नऊ दिवस पोटात वाढवलं." आता गंमत पाहा. डॉक्टर काय करतात? शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली, त्या दिवसापासून नऊ महिने आणि सात दिवस पुढे मोजतात. ती बाळंतपणाची अंदाजाची तारीख. एकूण २८० दिवस होतात. आपल्या म्हणीत आणि डॉक्टरांच्या हिशेबात दोनच दिवसांचा फरक! मात्र ही तारीख अंदाजाची असते. आठ-पंधरा दिवस अलीकडे पलीकडे होऊ शकते.

एक उदाहरण फळ्यावर मांडू. शेवटची पाळी १० ऑक्टोबरला आली. नऊ महिने मोजले, १० जुलै झाली. वर सात दिवस घातले, १७ जुलै झाली.

आता १७ जुलै म्हटले की उमरठच्या माणसाच्या डोळ्यांपुढे काय येते? आषाढाचा पाऊस. भरलेले ओढे. डोंगरावरून रस्त्यावर आलेली माती. २२ जुलै २०२१ ला काय झाले, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. त्या दिवशी महाड तालुक्यात तळिये येथे दरड कोसळली. आपल्या पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी आणि केवनाळे येथेही कोसळली. माणसे गेली, घरे गेली. अशा दिवसांत कळा सुरू झाल्यावर बाईला घेऊन निघायचे म्हणजे जिवाशी खेळ.

म्हणून ज्या घरात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाळी चुकली, त्या घराने तेव्हाच ओळखावे की बाळंतपण भर पावसात येणार. तारीख जवळ आली की बाईला पोलादपूर-महाडकडे, रस्त्यावरच्या एखाद्या नातेवाइकाकडे आधीच नेऊन ठेवावे. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची आपली रीत आहेच. माहेर डोंगरात असेल आणि मावशीचे घर दवाखान्याजवळ असेल, तर त्या वेळेपुरते मावशीचे घर हेच माहेर.

"दिवस" हा शब्दही मोठा विचित्र आहे. दिवस "जातात" तेव्हा जीव येतो. "दिवस भरले" म्हणजे बाळ यायची वेळ झाली. पण भांडणात कोणी म्हणतो, "तुझे दिवस भरले!" तेव्हा त्याचा अर्थ मरण. आपल्या पूर्वजांनी जन्माला आणि मरणाला एकच शब्द का वापरला असेल? आम्हाला वाटते, त्या काळी दोन्ही गोष्टी एकाच खोलीत घडत असत. म्हणून तर म्हणत, बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म. आता तसे दिवस राहिले नाहीत. २०१८ ते २०२० या काळातल्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या असे आढळले. पूर्वीच्या मानाने हा आकडा पुष्कळ खाली आला आहे. पण ज्या घरातली बाई गेली, त्या घराला आकड्याने काय समाधान होणार?

डोहाळे

तिसरा महिना लागला की डोहाळे लागतात. हा शब्द "दोहद" या जुन्या शब्दापासून आला. जुने वैद्य गरोदर बाईला दोन हृदयांची बाई म्हणत. एक हृदय तिचे, एक बाळाचे. म्हणून तिची इच्छा ती बाळाची इच्छा. बाईला चिंच खावीशी वाटते, कैरी खावीशी वाटते, पाहिजे ते द्यावे. सातव्या महिन्यात ओटी भरतात, डोहाळजेवण करतात. फार चांगली रीत आहे. एरवी सगळ्यांना वाढून उरलेले खाणारी सून त्या दिवशी पाटावर बसते आणि तिला आधी वाढतात. आमचे म्हणणे एवढेच, की हे कौतुक एका दिवसाचे नसावे. नऊ महिने तिला आधी वाढा. पोटभर भाकरी, डाळ, पालेभाजी, नाचणी, शेंगदाणे, मिळतील तशी अंडी-मासळी. सांगून सवरून ती दोन जिवांची आहे.

काही बायांना मातीचे, राखेचे, भिंतीच्या पोपड्याचे डोहाळे लागतात. ते मात्र पुरवू नयेत. ते बहुधा अंगात रक्त कमी असल्याचे लक्षण असते. दवाखान्यात बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासतात. गरोदर बाईचा तो आकडा ११ किंवा अधिक असावा. ७ च्या खाली गेला तर धोका मोठा. दवाखान्यात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. "गोळीनं मूल काळं होतं" असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य नाही. गोळीने शौचाला काळे होते, मूल नव्हे.

अंग

आता एका शब्दाकडे नीट लक्ष द्या. तो शब्द "अंग".

बाई म्हणते, "अंगावरून जातंय." ऐकणाऱ्याने काय समजायचे? पांढरे जाते की लाल? पाणी जाते की रक्त? बोटभर जाते की धार लागली आहे? या चारही गोष्टींना आपल्याकडे एकच बोलणे आहे. पण चारही गोष्टी वेगळ्या आहेत. थोडे पांढरे जाणे पुष्कळ बायांना असते. पण त्याला घाण वास येत असेल, खाज असेल, तर दाखवावे. पाणी जाणे म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी फुटली. तिला जुन्या बाया "पाणमोट" म्हणत. पाणमोट फुटली की कळा नसल्या तरी दवाखाना गाठावा. आणि गरोदरपणात लाल दिसले, मग ते थोडे का असेना, की त्याच दिवशी डॉक्टर.

दवाखान्यात काय होते पाहा. डॉक्टर विचारतात, "काय होतंय?" सून खाली बघते. सासूबाई सांगतात, "अंगावरून जातंय थोडं थोडं." डॉक्टर विचारतात, "पांढरं की लाल?" सून आणखी खाली बघते. असे करू नका. सरळ म्हणा, "काल रात्रीपासून रक्त जातंय. तीन घड्या बदलल्या." या दोन वाक्यांत डॉक्टरांना सगळे कळते.

याच "अंगा"चा आणखी एक वाक्प्रचार आहे. "दुखणं अंगावर काढलं." म्हणजे सांगितले नाही, औषध घेतले नाही, सोसले. आपल्या बायांना त्याचा अभिमान वाटतो. "मी तर सगळी दुखणी अंगावर काढली," असे त्या सुनांना ऐकवतात. घरातली कामे उरकताना ताप-खोकला अंगावर निघाला असेल. गरोदरपणात तसे करू नये. अंगावर काढलेले दुखणे पोटातल्या जिवावरही जाते.

त्यातले एक दुखणे फार घातकी आहे. सातव्या-आठव्या महिन्यात बाईचे तोंड आणि हात सुजतात. डोके ठणकते. डोळ्यांपुढे अंधारी येते. मग एकाएकी हातपाय ताठ होऊन झटके येतात. लोक म्हणतात, "बाधा झाली. बाहेरचं आहे. भगताला बोलवा." अंगारा लावतात, लिंबू उतरतात. मंडळी, ही बाधा नव्हे. हा रक्तदाब वाढल्याचा आजार आहे. त्यावर इंजेक्शन आहे, उपाय आहे. पण तो दवाखान्यातच होतो. "बाधा" म्हटले की पाय भगताकडे वळतात आणि "झटके" म्हटले की दवाखान्याकडे वळतात. एका शब्दाने वाट बदलते. म्हणून आपल्या घरात आजपासून "झटके" हाच शब्द ठेवा. आणि सूज, डोकेदुखी, अंधारी यांतले एक जरी दिसले तरी झटक्यांची वाट न पाहता रक्तदाब मोजून घ्या.

पडले आणि पाडले

तुम्ही काना शिकलात. "पडले" आणि "पाडले" यांत एका कान्याचा फरक. पण बाईच्या बाबतीत त्या कान्याने आभाळ कोसळते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एखादीचे पोट आपोआप पडते. लोक कुजबुजतात, "पाडलं असंल." किंवा म्हणतात, "जड उचललं असंल, हिचाच दोष." बहुतेक वेळा दोष कोणाचाच नसतो. गर्भच नीट धरलेला नसतो. अशा वेळी बाईला बोल लावू नये, दवाखान्यात न्यावे. रक्त फार जात असेल तर लगेच न्यावे. आणि पाडण्याची वेळ एखादीवर खरोखरच आली, तर झाडपाला, काड्या असले अघोरी उपाय करू देऊ नयेत. डॉक्टरांकडून, नियमाने, गर्भपात करून घेण्यास १९७१ च्या कायद्याने मुभा दिली आहे. लपवाछपवीत बाईचा जीव जातो.

कळा, अडणे आणि सुटका

दिवस भरले की कळा येतात. त्यांना "वेणा" असेही म्हणतात. वेणा म्हणजे वेदना. कळा खऱ्या असतात, तशा खोट्याही असतात. खोटी कळ येते, जाते आणि थांबते. खरी कळ थांबून थांबून येते, पण दर वेळी लवकर येते आणि जोराने येते. कळांमधले अंतर घड्याळावर पाहावे आणि ते डॉक्टरांना सांगावे.

कळा येतात पण मूल पुढे सरकत नाही, तेव्हा म्हणतात, "बाई अडली." हा शब्द आपण किती सहज बोलतो! "काम अडलं." "गाडी अडली." आपली म्हण आहे, "अडली गाय फटके खाय." अडलेल्याला मिळेल ती वागणूक सोसावी लागते, असा तिचा अर्थ. पण अडलेल्या बाईने काय काय सोसावे? पूर्वी तिचे पोट दाबीत, तिला उठवून उठवून बसवीत, आणि दिवस-दिवस वाट पाहत. हे करू नये. पोट मुळीच दाबू नये. बारा तास कळा देऊनही मूल होत नसेल, तर त्याच्या आतच ती दवाखान्यात पोचलेली हवी.

मूल कधी "आडवे" असते. कधी पायाकडून येते. पायाकडून जन्मलेल्या माणसाला आपण "पायाळू" म्हणतो. पायाळू माणसावर वीज पडते, त्याने लाथ मारली की धरलेली पाठ मोकळी होते, असे लोक सांगतात. या गोष्टी ऐकायला गमतीच्या. पण त्यात एक गोष्ट कोणी सांगत नाही. पायाळू म्हणून जे मिरवतात ते वाचलेले. पायाकडून येताना डोके अडकून जे दगावले, त्यांना कोणतेच नाव मिळाले नाही. मूल सरळ आहे की आडवे, हे शेवटच्या महिन्यात तपासून कळते. कळले की बाळंतपण कोठे करायचे हे आधीच ठरवता येते.

मूल झाले की "वार" पडावी लागते. काही ठिकाणी "जार" म्हणतात. बाळाला आईशी जोडणारी "नाळ" या वारेलाच असते. अर्ध्या तासात वार पडली नाही, किंवा पडल्यावर रक्त थांबत नाही, तर ती मोठी अडचण समजावी. बाळ झाले म्हणून लोक बाळाकडे धावतात. अशा वेळी एकाने तरी बाळंतिणीकडे बघत राहावे.

सगळे नीट झाले की म्हातारी म्हणते, "सुटली गं बाई. हातीपायी सुटका झाली." दुसरी म्हणते, "मोकळी झाली." कैदेतून सुटावे तसे हे शब्द आहेत. त्यात भीतीही आहे आणि आनंदही आहे.

सुईण आणि आशा

पूर्वी गावोगावी सुईण असे. प्रसूती, सूतिका, सुईण हे सगळे एका कुळातले शब्द. सुईण अंधाऱ्या रात्री पावसात कोणाच्याही दाराशी जायची. तिचे उपकार विसरता येणार नाहीत. पण तिच्या हाती साधने नव्हती. नाळ कापायला विळा मिळाला तर विळा, पाते मिळाले तर पाते. वर राख किंवा शेण लावीत. त्यातून बाळाला धनुर्वात व्हायचा. हा धनुर्वात बहुधा पाचव्या-सहाव्या-सातव्या दिवशी दिसायचा. बाळ दूध ओढेनासे व्हायचे, ताठ व्हायचे, जायचे.

आता विचार करा. पाचवी का पुजतात? सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहिते, असे का म्हणतात? सटवाई हा शब्द "षष्ठी"पासून आला. षष्ठी म्हणजे सहावी. आमचा तर्क असा, की ते दिवस खरोखरच भीतीचे होते. त्या दिवसांत बाळे जात. कारण कळत नव्हते, म्हणून देवीला हात जोडले. "दारिद्र्य पाचवीला पुजलेलं" असे आपण अजून म्हणतो. पाचवी जरूर पुजावी, मायेचा सण आहे. पण गरोदर बाईला धनुर्वाताचे इंजेक्शन द्यावे, नाळ उकळलेल्या स्वच्छ पात्याने कापावी आणि तिच्यावर काही लावू नये. एवढ्याने सटवाईचे लिहिणे बदलले. आई आणि नवजात बाळ यांचा धनुर्वात भारतातून जवळजवळ हटला, असे २०१५ साली जाहीर झाले.

सुईणीच्या जागी आता "आशा" आहे. २००५ पासून गावागावांत आशाताई नेमल्या गेल्या. आशाताईंना पाळी चुकल्याबरोबर सांगावे. लपवू नये. "तीन महिने कोणाला सांगायचं नाही, नजर लागते," असे म्हणतात. सगळ्या गावाला सांगू नका, पण आशाताईंना सांगा. त्या नाव नोंदवतात, कार्ड देतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची खास तपासणी असते. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषध, रक्त, जेवण आणि नेणे-आणणे फुकट आहे. गाडीसाठी १०८ किंवा १०२ हा आकडा फिरवावा. वाडीत फोन कोठे लागतो, ती जागाही आधी पाहून ठेवावी.

लाजेपायी बाया पूर्वी पुरुष डॉक्टरांपुढे जात नसत. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मूल झाले. ते दहा दिवसांचे होऊन गेले. ते दुःख गिळून त्या समुद्रापलीकडे अमेरिकेत गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. तेथे त्यांनी जो प्रबंध लिहिला तो बाळंतपणाच्याच शास्त्रावर. दुर्दैवाने १८८७ मध्ये त्या वारल्या. पण बाईने बाईला उपचार करण्याची वाट त्यांनी दाखवली. आज दवाखान्यात डॉक्टरबाई असतात, नर्सबाई असतात. त्यांच्यापुढे तरी तोंड उघडावे.

चीक आणि खरवस

गाय व्याली की पहिला चीक आपण किती जपतो! वासराला पाजतो, उरलेल्याचा खरवस करतो आणि शेजारी वाटी पाठवतो. बाईच्या पहिल्या पिवळसर दुधालाही चीकच म्हणतात. पण काही घरांत तो पिळून टाकतात. "जुनं दूध आहे, बाळाला बाधतं," म्हणतात. वासराला जो चीक अमृत, तो बाळाला विष कसा होईल? त्या चिकात रोगाशी लढायची ताकद असते. मूल झाल्यापासून तासाभरात ते अंगावर घ्यावे. सहा महिने नुसते आईचे दूध. पाणी नको, मध नको, गुटी नको.

बाळंतिणीलाही जपावे. बाळंतविडा येतो तो बाळाचा. बाळंतिणीला काय? तिला "ओली बाळंतीण" म्हणतात. ओल्या भिंतीला जसे लगेच टेकू नये, तसे ओल्या बाळंतिणीला लगेच कामाला लावू नये. पुष्कळ बाया बाळंत झाल्यावर खचतात, रडतात, बाळाकडे बघत नाहीत. त्यांना "नखरे" म्हणू नका. तोही आजार असतो, त्यालाही औषध आहे.

टाकून द्यावे असे शब्द

काही शब्द जपावे, काही टाकून द्यावे. "वांझ" हा पहिला. मूल न होण्याचे कारण बाईत असते तसे बाप्यातही असते. पण बाप्यासाठी असला शब्द चारचौघांत कोणी उच्चारत नाही. "हिची कूस उजवली नाही," असे म्हणत एकटीला उन्हात उभे करू नये. तपासणी दोघांची करावी.

दुसरा शब्द "नकुसा". नको असताना झालेली मुलगी. घाटापलीकडच्या सातारा जिल्ह्यात अशा नावाच्या मुली होत्या. २०११ साली तेथे २८५ मुलींची ही नावे समारंभाने बदलली. पाहा, हाक मारली की रोज आठवण, "तू नको होतीस." मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या बीजावर ठरते. बाईला त्याचा दोष कसला? पोटातले मूल मुलगा की मुलगी हे तपासायला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, हेही लक्षात ठेवा.

आणि एक सवय बदला. बाळंतपणाची बातमी आली की आपण पहिले विचारतो, "काय झालं?" त्याऐवजी विचारा, "दोघं बरी आहेत ना?" मग पेढे वाटा नाही तर बर्फी वाटा.

आता लिहा

मंडळी, हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. ४ फेब्रुवारी १६७० ला त्यांनी कोंढाणा घेतला आणि देह ठेवला. त्यांच्या शौर्याच्या गोष्टी आपण सांगतो. पण वाट कोणती, वेळ कोणती, सोबत कोण, हे आधी ठरवूनच ते त्या रात्री कडा चढले होते. सोबत भाऊ सूर्याजी होता. पुढचे काम त्याने पुरे केले. बाळंतपणाचेही तसेच ठरवावे. वाट कोणती, गाडी कोणती, रक्त द्यायला कोण, सोबत कोण, घरी मागे पोरांकडे कोण बघणार. शूराच्या गावात बाईला एकटीने लढायला लावू नये.

तुमच्या हातात आता अक्षर आहे. त्याचा हा पहिला उपयोग करा. घरी भिंतीवर दिनदर्शिका आहे. पाळी आली की त्या तारखेला खूण करायला घरच्या बाईला सांगा. पाळी चुकली की त्या खुणेपासून नऊ महिने सात दिवस मोजा आणि त्या तारखेभोवती गोल काढा. तो गोल घरातल्या सगळ्यांना दिसू दे.

आणि खालची वाक्ये वहीत लिहा. दोनदा लिहा, मोठ्याने वाचा. बायांनी वाचा, बाप्यांनीही वाचा.

हिला आठवा महिना आहे.
हिच्या कळा दहा-दहा मिनिटांनी येत आहेत.
हिचे पाणी गेले आहे.
हिला रक्त जात आहे.
हिच्या तोंडावर सूज आहे आणि डोके दुखत आहे.
हिला झटके आले.
बाळ पोटात हलेनासे झाले आहे.
मूल झाले, पण वार पडली नाही.
आम्ही उमरठहून बोलतो आहोत. गाडी लवकर पाठवा.

ही वाक्ये ज्याला न अडखळता वाचता आली, तो या वर्गात पास झाला असे आम्ही समजू.